मुंबई ते लंडन: कागदावर आठ तास, आकाशात दहा

मुंबई ते लंडन विमानाने किती लांब, असं फोनवर विचारलं की क्षणात उत्तर येतं: सुमारे ७,२१० किलोमीटर. जेट विमान तासाला नऊशेच्या आसपास कापतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. भागाकार केला की आठ तास. मग तिकीट काढायला बसावं, तर थेट विमानालाही साडेनऊ ते दहा तास, आणि परतीला मात्र नऊच्या आसपास. मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला निघालेल्या आईवडिलांना हमखास पडणारा प्रश्न: शहरं तीच, विमान तेच, मग जाताना जास्त आणि येताना कमी असं कसं?

भागाकार चुकलेला नाही आणि विमान कंपनीही थापा मारत नाही. वरचे दोन तास कुठे जातात याचा हिशोब मिनिटांत लावता येतो. त्यातली काही मिनिटं वारा खातो, काही देशोदेशींची भांडणं खातात, काही मुंबईची धावपट्टी खाते. एकेक करून बघू.

रेष कुठून जाते?

आधी ते ७,२१० म्हणजे काय हे पाहू. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबईपासून लंडनपर्यंत रेघ ओढली तर ती मकरान किनाऱ्याजवळून, इराणच्या दक्षिण अंगाने, इराक, सीरिया, तुर्कस्तान असं करत युरोपात शिरते. ही रेघ सरळ दिसते, पण सगळ्यात जवळची नाही. तिची लांबी भरते सुमारे ७,४०० किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, आणि त्या ताणामुळे पट्टी आपल्याला फसवते.

खरा जवळचा रस्ता बघायचा असेल तर घरातल्या पृथ्वीगोलावर एक दोरा मुंबईला धरा, दुसरं टोक लंडनला धरा आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. मुंबईहून तो पश्चिमेला न जाता थेट वायव्येला निघतो. कच्छमधल्या मांडवी-मुंद्र्याच्या आसपास किनारा ओलांडतो, जवळपास कराचीवरूनच जातो, इराण-अफगाणिस्तान सीमेलगत झाबोलच्या बाजूने पुढे सरकत तेहरानच्या पूर्वेला येतो आणि कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा कापतो. बरोबर अर्ध्या वाटेवर तो जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान या तिघांच्या सीमा मिळतात तिथे, तिबिलिसीच्या जरा दक्षिणेला असतो. पुढे काळ्या समुद्राची ईशान्य कड, क्रिमिया, युक्रेन, चेक-पोलंड सीमा, जर्मनीतलं कोलोन आणि मग लंडन. या दोऱ्याची लांबी म्हणजे ७,२१० किलोमीटर. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा.

अक्षांश-रेखांश माहीत असले की हे अंतर कॅल्क्युलेटरवरही काढता येतं. मुंबई विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यामध्ये पृथ्वीच्या केंद्रापाशी सुमारे ६४.९ अंशांचा कोन होतो. एका अंशाला ६० नॉटिकल मैल, म्हणजे ३,८९० नॉटिकल मैलांच्या जवळपास. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, तर साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. म्हणून एकाच प्रवासाला कुठे ३,८९० मैल आणि कुठे ४,४८० मैल लिहिलेलं सापडतं. दोन्ही बरोबर, मैल निराळे. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचा सगळा कारभार नॉटिकल मैलांत चालतो. आणखी थोडा फरक पडतो तो कुठून कुठे मोजलं यावरून. शहराच्या मध्यापासून मोजलं की विमानतळापासून, गॅटविक धरलं की हीथ्रो, यात काही किलोमीटर इकडे तिकडे होतात. विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं म्हणून वर्तुळ मोठं होतं आणि अंतर वाढतं, असाही एक मुद्दा कुणीतरी काढतंच. वाढतं, पण सगळ्या प्रवासात जेमतेम बारा किलोमीटरने. ते सोडून द्यायला हरकत नाही.

या रेषेवरचे देश पुन्हा एकदा वाचा. पाकिस्तान, इराण, क्रिमिया, युक्रेन. अडचण तिथेच आहे.

आकाशालाही मालक असतो

१९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. म्हणजे दुसऱ्याच्या आकाशातून जायचं तर परवानगी लागते आणि त्याचे पैसेही मोजावे लागतात. शेजाऱ्याशी बिनसलं की पहिलं दार बंद होतं ते आकाशाचं.

बालाकोटच्या हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्ण खुलं व्हायला १६ जुलै उजाडला. पहलगाममधल्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली, भारतानेही ३० एप्रिलला त्यांच्या विमानांना घातली आणि ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. यात दिल्लीकरांचे हाल मुंबईकरांपेक्षा जास्त. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पाकिस्तान समोरच आडवा येतो, त्यामुळे विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं. मुंबईला निदान अरबी समुद्र मोकळा आहे. समुद्रावरून ओमानकडे वळलं की झालं.

इथे एक गंमत आहे. बंदी भारतीय विमानांवर आहे, भारतातून सुटणाऱ्या सगळ्या विमानांवर नाही. त्यामुळे एकाच रात्री मुंबईहून लंडनला सुटणाऱ्या दोन विमानांपैकी ब्रिटिश कंपनीच्या विमानाला कराचीवरून जायला कागदोपत्री मुभा आहे, भारतीय कंपनीच्या विमानाला नाही. अंतर सांगणाऱ्या यंत्राला यातलं काहीच माहीत नसतं. ते दोघांनाही ७,२१० च सांगतं.

दुसरं कुलूप युक्रेनवर. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला त्या दिवसापासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. त्याच्याही आधी, १७ जुलै २०१४ ला अ‍ॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. तेव्हापासून युद्धाच्या वरून ‘आम्ही खूप उंचावरून जातो, आम्हाला काय होणार’ असं म्हणून उडण्याचे दिवस संपले. तिसरं दार इराण-इराकचं. ते कधी उघडं, कधी बंद. १३ जून २०२५ ला पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला, तासाभरात आसपासची आकाशं बंद झाली आणि मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान काही तास उडून परत मुंबईलाच उतरलं. त्या प्रवाशांसाठी त्या दिवशी मुंबई-लंडन अंतर किती होतं म्हणायचं?

मग उरतात ते पर्याय असे: अरबी समुद्रावरून ओमान-आमिराती, आखात, इराक, तुर्कस्तान, रुमानिया. तेही बंद असेल तर आणखी दक्षिणेने सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून भूमध्य समुद्रावर. यातला पहिला रस्ता शाळेच्या नकाशावर पट्टीने ओढलेल्या त्या लांबच्या रेषेच्या बऱ्यापैकी जवळ आहे. भूमितीने नाकारलेली रेघ राजकारणाने परत आणली.

हिशोबासाठी समजा की वळसे-वळणं धरून प्रवास ७,६०० किलोमीटरचा झाला. त्या ज्यादा चारशेला ताशी ९०० ने सत्तावीस मिनिटं. म्हणजे आठ तासांचे झाले आठ सत्तावीस.

वेग वाढवता येत नाही का?

येतो, पण फारसा नाही आणि परवडतही नाही. ड्रीमलायनर, ट्रिपल सेव्हन, ए-३५० ही या मार्गावरची मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास उडतात. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. जमिनीपाशी तो ताशी १,२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवर, जिथे बाहेर उणे ५६ अंश असतं, तिथे १,०६० च्या जवळ. त्याच्या ०.८५ पट म्हणजे नऊशे. यापुढे रेटलं तर पंखांवरून जाणारी हवा ठिकठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडू लागते, विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जातं. एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, तेही साधारण याच वेगाने जायचं. साठ-पासष्ट वर्षांत विमानं शांत झाली, काटकसरी झाली, लांब पल्ल्याची झाली, पण जास्त वेगवान झाली नाहीत. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. आजच्या प्रवासात वाचलेला वेळ थोडाफार त्या थांब्यांचा आहे आणि बाकी पंख्याच्या विमानाकडून जेटकडे येण्याचा. ती उडी एकदाच मारता आली.

त्यातून कंपनी वैमानिकाला हवं तेवढं पळवू देत नाही. प्रत्येक उड्डाणाच्या संगणकात ‘कॉस्ट इंडेक्स’ नावाचा एक आकडा भरलेला असतो. एक मिनिट वाचवण्याची किंमत किती आणि त्यासाठी जळणाऱ्या इंधनाची किंमत किती, याचं ते गुणोत्तर. इंधन महाग असेल तर विमान जरा हळू चालतं. ड्रीमलायनर तासाला पाच टनांच्या आसपास इंधन पितं. त्यामुळे उशिरा सुटलेलं विमान ‘वर जाऊन भरून काढेल’ ही आशा बऱ्याचदा कागदावरच राहते.

वारा

आता मुख्य गुन्हेगार.

जाताना जास्त वेळ लागतो कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, असं उत्तर अनेक जण ठामपणे देतात. तसं असतं तर मजा आली असती. मुंबईच्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला धावते. म्हणजे शिवाजी पार्कावर हेलिकॉप्टर तासभर नुसतं हवेत थांबलं असतं, तर खाली ओमानचा किनारा आला असता. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि त्या हवेतलं विमानही. पळणाऱ्या लोकलमध्ये आपण डब्यात पुढे-मागे चालू शकतो ना, तोच प्रकार.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण आडमार्गाने. विषुववृत्ताकडे हवा तापते, वर चढते आणि वरच्या थरांतून ध्रुवांकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळते. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर हा प्रवाह चिंचोळा आणि जोरकस होतो. हाच तो जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याची एक शाखा अरबस्तान, इराण आणि उत्तर भारतावरून वाहते, नेमकी विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही. मुंबईहून लंडनला जाणारं विमान या प्रवाहाला तोंड देत जातं, येणारं त्याच्या पाठबळावर येतं.

सीटसमोरच्या पडद्यावर हे उघड दिसतं. जाताना ‘ग्राउंड स्पीड’, म्हणजे जमिनीच्या मानाने वेग, कधी ८०० च्या खाली गेलेला दिसेल, येताना १,००० च्या वर. दोन्ही वेळा इंजिन तेवढंच काम करत असतं आणि हवेच्या मानाने विमानाचा वेग तोच, नऊशे. या गोष्टीचं टोकाचं उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चं. ‘कियारा’ वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी ध्वनीची भिंत वगैरे काही फुटली नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

मुंबई-लंडनला एवढं टोक गाठलं जात नाही. विमान वायव्येला जात असतं आणि वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे तो नाकावर नाही, तिरका आदळतो. शिवाय सगळ्या वाटेवर जेट स्ट्रीम नसतो, तो मध्येच लागतो आणि सुटतो. सरासरी काढली तर समोरून येणारा वाटा बराच कमी भरतो. समजा तो ताशी ६० किलोमीटर धरला. ७,६०० ला ८४० ने भागलं की ९ तास ३ मिनिटं. येताना हेच ७,६०० भागिले ९६० म्हणजे ७ तास ५५ मिनिटं. वारा फक्त साठचा, तरी जाण्यायेण्यात सव्वा तासाच्या जवळपास फरक.

इथे अनेकांना वाटतं, जाताना गेलेलं येताना परत मिळालं, फिट्टंफाट. तसं होत नाही. सोपे आकडे घ्या: ७,२०० किलोमीटर अंतर, ९०० वेग, १०० चा वारा. जाताना ८०० ने नऊ तास, येताना १,००० ने सात तास बारा मिनिटं. एकूण १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर सोळा तास. बारा मिनिटं खिशातून गेलीच. कारण उघड आहे: वारा विरोधात असतो तेव्हा आपण त्याच्यात जास्त वेळ असतो, बाजूने असतो तेव्हा कमी.

पावसाळ्यात चित्र बदलतं. उन्हाळा चढला की तो पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि दक्षिण भारताच्या खूप वर, चौदा-सोळा किलोमीटरवर, उलटा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. तो विमानांच्या नेहमीच्या उंचीपेक्षा वर असल्यामुळे लंडनच्या प्रवासात त्याचा फायदा थोडाच. पण हिवाळ्यातलं वेळापत्रक आणि उन्हाळ्यातलं वेळापत्रक यांत दहा-वीस मिनिटांचा फरक दिसला तर कारण बहुधा वरच्या हवेत सापडेल.

या सगळ्याचा विचार कुणीतरी आधीच केलेला असतो. त्याला डिस्पॅचर म्हणतात, तो जमिनीवर बसतो आणि प्रवाशांना कधीच दिसत नाही. जगभरच्या विमानांसाठी वरच्या हवेचा अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन या दोन केंद्रांकडून दिवसातून चार वेळा निघतो. तो समोर ठेवून, कुठलं आकाश उघडं, कुठल्या देशाचं शुल्क किती, वाटेत वादळं कुठे, हे बघून त्या दिवसाचा मार्ग आखला जातो. त्यामुळे कालचा रस्ता आणि आजचा रस्ता एकच असेल असं नाही. कधी कधी शंभर किलोमीटर लांबचा रस्ता वेळेत जवळचा ठरतो, कारण तिथे वारा मवाळ असतो.

पडद्यावर उंचीही बघून ठेवा. साधारणपणे पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना सम हजार फूट, म्हणजे ३४, ३६, ३८ हजार, आणि पूर्वेला येणाऱ्यांना विषम, ३५, ३७, ३९ हजार असे मजले दिलेले असतात. समोरासमोर येणारी विमानं एकमेकांच्या वरखालून हजार फूट अंतर राखून जातात. सुटताना इंधनाने जड असलेलं विमान खालच्या मजल्यावरून चालतं आणि हलकं होत गेलं की पायरीपायरीने वर चढतं.

जमिनीवरची मिनिटं

तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची वेळ नसते, हे फार कमी जणांना माहीत असतं. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान मागे ढकललं जातं त्या क्षणी घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे गेटवर ठोकळे परत लागले की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रकात तो छापला जातो, हवेत असण्याचा वेळ नाही.

मुंबईत या पहिल्या भागातच बरंच काही घडतं. विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरी वापरता येत नाही, म्हणजे व्यवहारात एकच. तिच्यावरून तासाला चाळीसहून जास्त विमानं उतरतात-चढतात. रात्री लांबच्या पल्ल्याची विमानं एकापाठोपाठ निघत असताना धावपट्टीच्या तोंडाशी रांग लागते. प्रवाशाला वाटतं निघालो, प्रत्यक्षात अजून अंधेरी-कुर्ल्याच्या मध्येच असतो. वीस-पंचवीस मिनिटं अशी जाणं अगदी नेहमीचं. मग वर चढताना पूर्ण वेग येत नाही आणि उतरताना दहा हजार फुटांखाली साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते.

लंडनच्या बाजूला हीथ्रोच्या भोवती आकाशात चार ठरलेल्या जागा आहेत: बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकम. उतरायला जागा नसेल तर विमान तिथे घिरट्या घालत, हजार-हजार फुटांनी खाली येत, पाळीची वाट बघतं. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा लॅम्बोर्न नाहीतर बिगिन येतं. खाली थेम्स पहिल्यांदा दिसली की लोक खूश होतात. तीच नदी तिसऱ्यांदा दिसली की समजावं, आपण रांगेत आहोत.

या सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं धरली तर ९:०३ चे झाले ९:४३. उरलेली पंधरा-सतरा मिनिटं कंपनीने राखून ठेवलेली. पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरलं जातं, त्यामुळे वेळापत्रकात थोडा पैस ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. म्हणूनच कधी कधी अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचल्याची घोषणा होते आणि टाळ्या पडतात. टाळ्यांचा खरा मानकरी वेळापत्रक करणारा असतो.

जमिनीवरचा हा खर्च अंतराप्रमाणे कमी-जास्त होत नाही. मुंबई ते गोव्याचं दाबोळी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर, लंडनच्या सतरावा हिस्सा. पण गोव्याच्या विमानाची छापील वेळ सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे लंडनच्या आठवा हिस्सा. भागाकाराने गोवा अर्ध्या तासात यायला हवा. तिथे विमान वर पोचून सरळ होतं न होतं तोच उतरायला लागतं. जवळच्या शहरांसाठी किलोमीटर भागिले वेग हा हिशोब अगदीच निकामी आहे.

घड्याळाचा घोळ

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा मुंबईहून सुटण्याची वेळ पहाटे ५:३० आणि लंडनला पोचण्याची सकाळी १०:३०. बघताना पाच तास वाटतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून प्रवास साडेदहा तासांचा. पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा. त्याच छापील वेळांचा अर्थ मग साडेनऊ तास होतो. परतीला उलट: रात्री ९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, हिवाळ्यात हे नऊ तास. वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ असतं ते दुसऱ्या दिवसासाठी. ते नजरेतून सुटलं की मुंबईत घ्यायला येणारा एक दिवस आधीच विमानतळावर हजर होतो.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी एवढंच. भागाकाराच्या भानगडीत पडू नका, छापील वेळेवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवडाभरात प्रत्यक्ष किती वाजता टेकलं हे माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर दिसतं, तो आकडा सगळ्यात विश्वासाचा, कारण वारा, बंद आकाश आणि रांग तिन्ही त्यात आलेलं असतं. ते बघताना ‘लँडेड’ आणि ‘अराइव्ह्ड’ यांतला फरक लक्षात ठेवा. पहिलं म्हणजे चाकं टेकली, दुसरं म्हणजे गेटवर लागलं. त्यानंतर पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा. आई-बाबा व्हीलचेअरने येणार असतील तर ते विमानातून बहुतेक शेवटी उतरतात, तेव्हा गाडी पार्किंगमध्ये घालायची घाई करू नका.